फुप्फुसातला मुक्काम

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जिवाणू शोधून काढल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये कार्ल जेसार या औषधशास्त्रज्ञाने एक वेगळंच कोडं सोडवलं. जखमांवर बांधलेल्या पट्ट्या कधी कधी निळ्या-हिरव्या होत. त्या कशामुळे, हे त्याला शोधायचं होतं. अशा पट्ट्यांवरच्या पुवातून त्याने जो जिवाणू वेगळा काढला, त्याला आज स्यूडोमोनास एरुजिनोसा म्हणतात. कॉखचं नाव जगभर झालं आणि त्याच्या शोधाची तारीख पुढे जागतिक क्षयरोग दिन ठरली. जेसारचं काम जिवाणूशास्त्राच्या पुस्तकांतल्या एखाद्या ओळीपुरतं उरलं.

फुप्फुसाच्या जुनाट संसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र हे दोन्ही शोध सारखेच मोलाचे वाटतात. क्षयाचा जिवाणू थुंकीत दिसला की निदान पक्कं होतं आणि औषधांचा कोर्स सुरू होतो. रोग एक, त्याचं कारण एक, आणि ते कारण नाहीसं करणं हा उपचार. स्यूडोमोनासला हा हिशेब लागू पडत नाही. तो ओल्या मातीत असतो, साठलेल्या पाण्यात असतो, मोरीच्या तोंडाशी असतो. निरोगी माणसाच्या श्वासाबरोबर तो आत गेला तरी सहसा काही बिघडत नाही. तोच जिवाणू आधीच दुखावलेल्या फुप्फुसात पोहोचला, तर तिथे वीस-तीस वर्षं मुक्काम ठोकतो आणि कितीही औषधं दिली तरी पुरता हटत नाही. अशा वेळी ‘हा कोण?’ एवढं विचारून भागत नाही. तो कोणाच्या सोबतीने राहतो, कशावर जगतो, वर्षागणिक कसा बदलतो, शरीर त्याच्याशी कसं झुंजतं आणि त्या झुंजीत फुप्फुसाची किती हानी होते, हे सगळं विचारावं लागतं. गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नांनी छातीच्या वैद्यकाला बरंच बदलायला लावलं आहे. पुढच्या पानांतला अभ्यास समजून घ्यायचा, तर हा बदल आधी नीट पाहायला हवा.

माणूस दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. त्या हवेबरोबर धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू, जिवाणू आणि विषाणू आत जातात. मुख्य श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात, त्या प्रत्येकाला आणखी दोन, आणि असं साधारण तेवीस वेळा होत होत हवा शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचते. या नळ्यांना आतून कफाचं पातळ अस्तर असतं. त्याखालच्या पेशींवर प्रत्येकी दोनशेच्या आसपास अतिसूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि अडकलेल्या कचऱ्यासकट कफाचा थर घशाकडे ढकलतात. तिथे आलेला कफ आपण नकळत गिळून टाकतो. या सफाईत कुठे खंड पडला, म्हणजे कफ घट्ट झाला, केस जळाले, किंवा नळीची भिंत सैल पडून तिथे खळगा झाला, की जिवाणूंना बस्तान बसवायला जागा मिळते.

निरोगी माणसाचं फुप्फुस निर्जंतुक असतं, असं वैद्यकाचे विद्यार्थी कित्येक वर्षं शिकत आले. या समजुतीला आधार होता प्रयोगशाळेतल्या ताटलीचा. निरोगी श्वासनलिकेतला नमुना त्या ताटलीत ठेवला तर बहुधा काही उगवत नसे, आणि काही उगवलं तर ते तोंडातून मिसळलं असेल असं धरलं जाई. मात्र निसर्गातल्या कितीतरी जिवाणूंना ताटलीतलं अन्न आणि हवा मानवत नाही. ते असूनही दिसत नाहीत. १९७७ मध्ये कार्ल वूस यांनी रायबोसोमच्या आरएनएवरून सजीवांची नाती मांडून दाखवली. त्यानंतर हळूहळू जिवाणू न वाढवता, नमुन्यातल्या डीएनएवरूनच त्यांची ओळख पटवणं शक्य झालं. तरीही २००७ मध्ये अमेरिकेने मानवी शरीरातल्या सूक्ष्मजीवांची मोठी नोंद हाती घेतली, तेव्हा तपासायच्या अवयवांत तोंड, नाक, त्वचा, आतडी आणि योनिमार्ग होते, फुप्फुस नव्हतं.

२०१० मध्ये लंडनच्या इंपिरिअल कॉलेजमधल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दम्याचे रुग्ण, सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचे, रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्या श्वासनलिकांतले नमुने या नव्या पद्धतीने तपासले. निरोगी माणसांच्या खोल श्वासनलिकांतही जिवाणू सापडले. अंदाज होता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन हजारांचा. आतड्यांच्या मानाने ही वस्ती अगदीच विरळ, पण निर्जंतुक म्हणावी अशी नक्कीच नव्हे. निरोगी नळ्यांत प्रेव्होटेलासारखे, प्राणवायू न मानवणारे जिवाणू जास्त होते, तर आजारी नळ्यांत हिमोफिलस आणि त्याचे जातभाई वाढलेले होते. म्हणजे आजारी फुप्फुसात जिवाणू ‘येतात’ हे म्हणणं अर्धवट होतं. तिथली आधीची वस्ती बदलते, हे त्याहून अचूक.

मग ही वस्ती येते कुठून? मुख्यतः तोंडातून. झोपेत लाळेचे अगदी बारीक थेंब निरोगी माणसांच्याही श्वासनलिकेत उतरतात. मिशिगन विद्यापीठातले रॉबर्ट डिक्सन आणि गॅरी हफनेगल यांनी याची मांडणी तीन गोष्टींच्या तोलावर केली: किती जिवाणू आत येतात, किती बाहेर टाकले जातात, आणि आत असलेले किती वाढतात. निरोगी फुप्फुसात पहिल्या दोन गोष्टींवरच सगळं ठरतं, कारण तिथे वाढायला अन्न फारसं नसतं. जुनाट आजारात तिसरी गोष्ट वरचढ होते. कफ साचतो, सूज येते, मेलेल्या पेशींचं खाद्य मिळतं, कुठे प्राणवायू कमी पडतो. या नव्या परिस्थितीत जो तगतो, तो पसरतो.

या विषयातलं सर्वांत खोल ज्ञान एका दुर्मीळ आनुवंशिक आजारामुळे मिळालं आहे. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डोरोथी अँडरसन यांनी लहान मुलांच्या शवविच्छेदनांवरून त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. सिस्टिक फायब्रोसिस हे त्याचं नाव. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा हा आजार असलेली मुलं इतरांपेक्षा लवकर कोसळताना दिसली. त्यावरून पॉल दी सांत’अन्येसे यांच्या लक्षात आलं, की या मुलांच्या घामातून फार मीठ जातं. घामाची तपासणी आजही या आजाराच्या निदानाचा पाया आहे. १९८९ मध्ये सातव्या गुणसूत्रावरचं जबाबदार जनुक सापडलं. त्या जनुकातला दोष पेशींमधून क्लोराइडची ये-जा अडवतो. त्यामुळे श्वासनलिकेतला कफ कोरडा आणि चिकट होतो, आणि सफाई थांबते. लहानपणी या कफात स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी भेटतात. वय वाढेल तसा अनेकांच्या छातीत स्यूडोमोनास येऊन राहतो.

आजार दुर्मीळ, मग त्याच्यापासून इतकं शिकता आलं कसं? कारण हे रुग्ण जन्मापासून एकाच केंद्रात येत राहतात. त्यांच्या कफाची वर्षानुवर्षांची नोंद राहते.

कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटलने ही नोंद जितक्या चिकाटीने ठेवली, तितकी फार थोड्या ठिकाणी ठेवली गेली. तिथले जिवाणूतज्ज्ञ नील्स होइबी आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकापासून रुग्णांना दर महिन्याला बोलावत, त्यांचा कफ तपासत आणि त्यातले जिवाणू शीतपेटीत जपून ठेवत. होइबींच्या दोन निरीक्षणांनी तेव्हाच्या समजुतींना धक्का दिला. मृत रुग्णांच्या फुप्फुसांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर स्यूडोमोनास सुटासुटा नव्हता. नळीतल्या कफात त्याचे गोळे जमलेले होते आणि भोवती पांढऱ्या पेशींचा गराडा होता. दुसरं निरीक्षण अधिक बोचरं. ज्या रुग्णांच्या रक्तात स्यूडोमोनासविरुद्ध जास्त प्रतिपिंडं होती, त्यांची प्रकृती चांगली राहायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांचीच फुप्फुसं लवकर खालावत होती. जिवाणूंना मारायला आलेल्या पांढऱ्या पेशी त्या गोळ्यांपर्यंत पोहोचत नव्हत्या. त्यांच्यातून सांडणारी विकरं शेजारच्या निरोगी भिंती जाळत होती. जुनाट संसर्गात फुप्फुसाचं बरंचसं नुकसान शरीराच्याच प्रतिकारातून होतं, ही जाणीव या निरीक्षणांनी रुजवली. आज प्रतिजैविकांबरोबर सूज आवरण्याच्या औषधांचाही विचार होतो, त्यामागेही हीच जाणीव आहे.

त्या गोळ्यांना पुढे बायोफिल्म हे नाव रूढ झालं. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर किंवा दातांवरची कीट, ही त्याची सगळ्यांच्या ओळखीची उदाहरणं. बिल कॉस्टरटन यांनी १९७८ मध्ये हा मुद्दा ठासून मांडला, की निसर्गातले बहुतेक जिवाणू पाण्यात सुटे तरंगत नसतात. पृष्ठभागाला चिकटून, स्वतःच तयार केलेल्या चिकट आवरणात, समूहाने राहतात. फुप्फुसातला स्यूडोमोनास अल्जिनेट नावाची साखरेची साखळी बनवतो आणि तिच्यात दडतो. आपल्या आसपास भाऊबंद किती आहेत, हे तो रासायनिक खुणांवरून ओळखतो आणि संख्या पुरेशी झाली की वागणं बदलतो. २००० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या कफात याच खुणा दाखवल्या आणि कफातला जिवाणू समूहानेच राहतो याचा भक्कम पुरावा दिला. दोनच वर्षांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. घट्ट कफाच्या आत प्राणवायू जवळजवळ नसतोच, आणि स्यूडोमोनास तिथेही वाढतो.

याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. थुंकीतला जिवाणू ताटलीत वाढवून ‘कोणतं औषध लागू पडेल’ हे तपासण्याची जी रीत रुग्णालयांत आहे, ती सुट्या, हवेशीर, भरपेट जिवाणूंवर बेतलेली आहे. कफाच्या गोळ्यात तोच जिवाणू मंदगतीने जगतो आणि कित्येक पट जास्त औषध पचवतो. म्हणून जुन्या संसर्गात अहवालातला ‘संवेदनशील’ हा शब्द आणि रुग्णाची सुधारणा यांचा मेळ बरेचदा बसत नाही. अनुभवी डॉक्टर हे जाणतात. त्यामागचं कारण कळायला मात्र अनेक दशकं लागली.

कोपनहेगनच्या शीतपेट्यांतून पुढे जे निघालं, ते या विषयाचं खरं वैभव आहे. १९७३ पासून अनेक डॅनिश रुग्णांमध्ये पसरलेल्या एका स्यूडोमोनास वंशाचे नमुने त्या पेट्यांत होते. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या सोरेन मोलिन यांच्या गटाने त्या नमुन्यांची जनुकं वाचली आणि २०११ मध्ये त्या वंशाचा सुमारे दोन लाख पिढ्यांचा इतिहास मांडला. माणसाच्या तितक्या पिढ्या मागे जायचं, तर अंदाजे पन्नास लाख वर्षं मागे जावं लागेल. या जिवाणूने त्या पिढ्या काही दशकांत, माणसांच्या छातीतच ओलांडल्या. महत्त्वाचे बदल सुरुवातीलाच भराभर झाले होते. त्यानंतर हा वंश जवळपास तसाच राहिला. सिएटलच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये एकाच मुलाच्या फुप्फुसातले दोन नमुने तपासले होते. एक होता मूल सहा महिन्यांचं असतानाचा, दुसरा ते आठ वर्षांचं झाल्यावरचा. दोहोंमध्ये ६८ जनुकीय बदल सापडले. त्यातले पुष्कळसे बदल असे होते, की ज्यांनी जिवाणूची हल्ला करण्याची हत्यारंच निकामी होत होती. नव्याने येणारा जिवाणू आक्रमक असतो. मुरलेला जिवाणू हालचाल कमी करतो, विषं कमी बनवतो, आणि शरीराच्या नजरेत कमी भरतो.

यातून एक प्रश्न उभा राहतो: तो मुरण्याआधीच गाठता येईल का? डॅनिश डॉक्टरांनी तेच करून पाहिलं. कफात स्यूडोमोनास पहिल्यांदा दिसताच, रुग्णाला काही त्रास नसतानाही, त्यांनी तोंडातून सिप्रोफ्लॉक्सासिन आणि वाफेतून कोलिस्टिन दिलं. १९९१ मध्ये त्यांनी २७ महिन्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचार न मिळालेल्यांपैकी ५८ टक्के रुग्णांचा संसर्ग जुनाट झाला होता. उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. रुग्ण थोडेच होते, एकूण २६. तरी या छोट्या अभ्यासाने जगभरच्या केंद्रांची रीत बदलली. पहिल्या भेटीतच जिवाणू हुडकायचा तर कफ नियमित तपासायला हवा, हे त्यानंतर सर्वमान्य झालं.

जिवाणू ओळखण्याच्या या कामाला एक वेदनादायी बाजूही आहे. १९५० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर बर्कहोल्डर यांनी कांदे सडवणाऱ्या एका जिवाणूचं वर्णन केलं. त्याला आता बर्कहोल्डेरिया सेपेशिया म्हणतात. तीन दशकांनी तो सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांत दिसू लागला, आणि त्यांच्यातल्या काहींची प्रकृती काही आठवड्यांतच झपाट्याने ढासळली. तो कुठून आला, याचा माग काढताना संशोधक नको त्या ठिकाणी पोहोचले. या आजाराच्या मुलांसाठी उन्हाळी शिबिरं भरत. तिथे ती मुलं एकमेकांना भेटत, खेळत, आपल्यासारखं आणखी कोणी आहे याचा दिलासा घेत. आणि त्या सहवासातूनच हा जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जात होता. १९९३ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासाने हे दाखवून दिलं. कॅनडातला आणि ब्रिटनमधला एक वंश एकच असल्याचंही पुढे सिद्ध झालं. शिबिरं बंद झाली. रुग्णांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचा नियम आला, आणि तो अजून आहे. ज्यांना एकमेकांचं दुःख सर्वांत जास्त कळतं, त्यांनाच एका खोलीत बसायची मुभा नाही. जिवाणूंच्या संशोधनाचे परिणाम किती दूरवर जातात, हे लक्षात ठेवायला याहून वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही.

धूर आणि धूम्रपानाने होणाऱ्या सीओपीडीत जिवाणूंच्या भूमिकेबद्दलचा वाद याहून जुना आहे. डिसेंबर १९५२ च्या विषारी धुक्याने लंडनमध्ये निदान चार हजार माणसं दगावली. नंतरचे अंदाज बारा हजारांपर्यंत जातात. त्या काळात ब्रिटनमध्ये कायमचा खोकला आणि कफ हा कामगारवर्गाचा ठरलेला आजार होता, आणि वारंवार होणाऱ्या संसर्गांमुळेच फुप्फुसाची ताकद घटते, असं अनेकांचं मत होतं. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी लंडनमधल्या कष्टकरी पुरुषांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून १९७६-७७ मध्ये वेगळाच निष्कर्ष काढला. ताकद घटते ती प्रामुख्याने सिगारेटमुळे. संसर्गांचा वाटा त्यांच्या आकड्यांत दिसला नाही. या कामाने तंबाखूविरोधी लढ्याला मोठं बळ दिलं, ते योग्यच झालं. पण त्यामुळे जिवाणूंचा विषयही बराच काळ बाजूला पडला.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोच्या संजय सेठी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा ऐरणीवर आणला. ८१ रुग्णांचा कफ त्यांनी चार वर्षांहून अधिक काळ दर महिन्याला तपासला. जुन्या अभ्यासांत एक घोटाळा होता: रुग्ण बरा असताना हिमोफिलस सापडे आणि त्रास बळावला तरी हिमोफिलसच सापडे, म्हणून त्याचा दोष नसावा असं वाटे. सेठींनी फक्त जात पाहिली नाही, त्या जातीतला वाणही ओळखला. एखादा नवा वाण दाखल झाला, त्या भेटींपैकी ३३ टक्के भेटींत रुग्णाचा त्रास बळावलेला होता. नवा वाण नसेल तेव्हा हे प्रमाण सुमारे १५ टक्के होतं. तीस वर्षं ज्याचं उत्तर ‘नाही’ असं मानलं गेलं, त्याचं उत्तर बारकाईने विचारल्यावर ‘होय’ आलं.

संशोधनातल्या अडचणींकडे आता थोडक्यात पाहू, कारण त्यांच्याशिवाय पुढचे निष्कर्ष तोलता येणार नाहीत. नमुना मिळवणं हीच पहिली अडचण. लहान मुलं कफ थुंकत नाहीत, गिळतात. मोठ्यांचा कफ तोंडातून येतो आणि तोंडातले जिवाणू घेऊन येतो. दुर्बीण घालून काढलेला नमुनाही घशातून जातो-येतो. डीएनएवरून ओळख पटवताना रसायनांत आधीच असलेला जिवाणूंचा डीएनए मिसळतो, आणि फुप्फुसासारख्या विरळ वस्तीत ही भेसळ खऱ्या वस्तीएवढी होऊ शकते. २०१४ मध्ये हे दाखवून देणारा शोधनिबंध आला, तेव्हा आधीच्या कित्येक निष्कर्षांकडे पुन्हा पाहावं लागलं. डीएनए जिवंत जिवाणूचा की मेलेल्याचा, हेही आपोआप कळत नाही. आणि एका दिवसाच्या एका नमुन्यावरून फुप्फुसाबद्दल बोलणं म्हणजे गावातल्या एका घराचं दार ठोठावून गावाची खानेसुमारी करण्यासारखं आहे.

कार्यकारणाचा पेच याहून अवघड आहे. आजार वाढतो तशी कफातल्या जिवाणूंची विविधता घटते, हे अनेकांनी पाहिलं. मग विविधता घटल्यामुळे आजार वाढतो का? मिशिगनमध्ये सहा पुरुष रुग्णांच्या कफाचा जवळजवळ दहा वर्षांचा मागोवा घेतला गेला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. विविधतेतल्या घटीचं नातं तिथे वयापेक्षा किंवा फुप्फुसाच्या ताकदीपेक्षा प्रतिजैविकांच्या माऱ्याशी अधिक जुळलं. ऑस्ट्रेलियात ब्रॉन्किएक्टेसिसच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साठण्याच्या आजाराच्या, रुग्णांना एरिथ्रोमायसिन दीर्घकाळ देऊन पाहिलं. ज्यांच्या कफात मुळात स्यूडोमोनासचं प्राबल्य नव्हतं, त्यांच्यात हिमोफिलस मागे हटला आणि त्याच्या जागी औषधाला दाद न देणारे जिवाणू, त्यांत स्यूडोमोनासही, पुढे सरकले. औषध कोणाला द्यावं हे तिथे आधीच कोण राहतं यावर अवलंबून असतं, हे या प्रयोगाने स्पष्ट केलं.

आणि मूळ बिघाडच दुरुस्त केला तर? २०१२ मध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या विशिष्ट जनुकदोषावर आयव्हाकाफ्टर हे औषध आलं. त्याने क्लोराइडची वाट मोकळी होते, कफ सुटतो, रुग्णांची ताकद वाढते. डब्लिनच्या बारा रुग्णांवर बारकाईने लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासात कफातल्या स्यूडोमोनासची संख्या पहिल्या दोन दिवसांतच घसरली. पुढे कित्येक महिने ती घटत राहिली आणि मग पुन्हा वाढू लागली. एकाही रुग्णाच्या छातीतून जुना वंश पूर्णपणे गेला नाही. श्वासनलिका एकदा कायमची खराब झाली, की कफ पातळ होऊनही तिच्या खळग्यांत जिवाणू तग धरतात. उपचार लवकर हवा, या डॅनिश अनुभवाला इथे वेगळ्या वाटेने दुजोरा मिळाला.

हे सगळं ज्ञान प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या एका आनुवंशिक आजारातून आलेलं आहे. भारतातल्या दुखावलेल्या फुप्फुसांची कहाणी वेगळी आहे, आणि तिच्या मुळाशी पुन्हा क्षयच आहे. देशभरातल्या ३१ केंद्रांमधल्या ब्रॉन्किएक्टेसिसच्या २,१९५ रुग्णांची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ३५.५ टक्के रुग्णांच्या आजाराचं मूळ पूर्वी होऊन गेलेल्या क्षयात होतं. इतर कोणतंही कारण याच्या बरोबरीचं नव्हतं. युरोपातल्या रुग्णांपेक्षा हे रुग्ण वयाने लहान होते, आणि त्यांच्या कफात सर्वांत जास्त आढळलेला जिवाणू होता स्यूडोमोनास. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे व्हायला हव्यात अशा तपासण्या आणि उपचार त्यांतल्या पुष्कळांपर्यंत पोहोचलेच नव्हते.

महाराष्ट्रात असा रुग्ण शोधायला लांब जावं लागत नाही. दहा वर्षांपूर्वी ‘एकेटी’चा कोर्स पुरा केलेला, क्षयातून बरा झालेला माणूस. पण सकाळी उठल्यावर बेडके पडतात, जिना चढताना धाप लागते, पावसाळ्यात ताप येतो, कधी थुंकीत रक्त दिसतं. एक्स-रेवर जुना डाग असतोच. डाग, खोकला आणि रक्त एकत्र पाहिलं की पुन्हा क्षयाचा संशय येतो, आणि थुंकीत क्षयाचा जिवाणू नसतानाही काहींना पुन्हा तीच औषधं सुरू होतात. छातीच्या डॉक्टरांना ही परिस्थिती चांगलीच ओळखीची आहे. क्षयाचे जंतू नाहीत, एवढं कळलं की पुष्कळदा तपास तिथेच थांबतो. मग छातीत कोण आहे, हे विचारणारं साधं कल्चर होतंच असं नाही. आज सर्वांत मोठी उणीव इथेच आहे, असं ठामपणे म्हणायला हवं. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी एक भारतात आहे. म्हणजे क्षयातून उठलेल्या, पण खळगे पडलेल्या फुप्फुसांची संख्याही इथेच मोठी असणार.

त्यात धुराची भर पडते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात, कधीही सिगारेट न ओढलेल्या माणसांतल्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधलं. चुलीचा धूर हे त्यामागचं एक प्रमुख कारण. लाकूडफाटा आणि गोवऱ्यांच्या धुरात रोजचा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या श्वासनलिकेत कोणते जिवाणू वस्ती करतात, आणि ती वस्ती सिगारेट ओढणाऱ्याच्या वस्तीसारखीच असते का, हे प्रश्न इथल्या संशोधकांनीच हाती घ्यायला हवेत.

साधनं नाहीत अशी स्थिती नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात सूक्ष्मजीव जतन करणारं राष्ट्रीय केंद्र आहे. परळची हाफकिन संस्था १८९९ पासून जिवाणूंचं काम करत आली आहे. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय आणि पुण्यात औंधचं उरो रुग्णालय इथे रुग्ण आहेत. हवा आहे तो काळ. क्षयाचा कोर्स संपला त्या दिवसापासून पुढची दहा वर्षं त्याच माणसाचा कफ ठरावीक अंतराने तपासायचा, त्यातले जिवाणू जतन करायचे, फुप्फुसाची ताकद मोजायची, आणि कोणाच्या छातीत स्यूडोमोनास कधी पहिल्यांदा पोहोचला हे पकडायचं. डॅनिश डॉक्टरांचा लवकर उपचार क्षयानंतरच्या फुप्फुसातही तितकाच लागू पडतो का, याचं उत्तर त्याशिवाय मिळणार नाही. कफ मोकळा करण्याचे श्वासाचे व्यायाम आणि मिठाच्या पाण्याचा वाफारा यांसारख्या स्वस्त उपायांनी जिवाणूंची वस्ती किती बदलते, हेही त्याच अभ्यासात पाहता येईल. अशा कामात माणसं टिकवून धरणं सर्वांत कठीण असतं. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला दर तीन महिन्यांनी बोलवायचं, तर त्याचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात यंत्रांच्याही आधी धरावी लागेल.